दोन लाखांच्या आतल्या अ‍ॅडव्हेंचर बाइकला तालुक्यात गिऱ्हाईक आहे का?

लाल_माती:
आजरा-चंदगड पट्ट्यात माझं स्पेअरचं दुकान, जोडीला सर्व्हिसिंग. एक्सपल्सचा (हीरोची खडबडीत रस्त्यांवरची अ‍ॅडव्हेंचर बाइक) माल भरून ठेवावा की हौस ओसरेल? आणि 125-150 सीसीत लाखाच्या आसपास अशी गाडी कुणी का काढत नाही? वाड्यावस्त्यांवर तीच खपेल असं वाटतं.

टॅपेट:
लाखात बसत नाही, कारण या गाडीचा खर्च इंजिनात नसतोच. 190 मिमी ट्रॅव्हलचे (एवढे दबणारे) फोर्क म्हणजे पुढचे शॉकअप, 21 इंची आऱ्यांचं चाक, मजबूत चासी, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा)... इंजिन 125 चं असो वा 200 चं, यांचा खर्च तेवढाच. इंजिन लहान करून वाचतं थोडं आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्या पैशात दम कुठाय? हीरोने 2011 मध्ये 150 सीसीची इम्पल्स आणली होती. गाडी गुणी, पण त्याच ताकदीची साधी गाडी स्वस्तात मिळत होती. चालली नाही. 2019 ला 200 सीसीची एक्सपल्स लाखाच्या आत-बाहेर आली आणि तिने जम बसवला. पुढची एक्सपल्स 210 तर जानेवारी 2025 ला पावणेदोन लाखांच्या पुढेच सुरू झाली.

खडीचा_घाट:
सप्टेंबर 2025 चा जीएसटी बदल धरा. 350 सीसीपर्यंत 28 वरून 18 टक्के, त्यावर थेट 40. करापूर्वी दीड लाखाची गाडी 1.92 वरून 1.77 वर आली, म्हणजे 15 हजार वाचले; आरटीओ आणि विम्यातही थोडं कमी. रॉयल एनफिल्डची साडेचारशे सीसीची हिमालयन आणि केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर 40 टक्क्यांच्या खान्यात गेल्या. त्यामुळे खरी चुरस 200 ते 350 मध्ये. टीव्हीएसने आरटीएक्स 300 ऑक्टोबर 2025 ला 1.99 लाखांत उतरवली, ती उगाच नव्हे. पण तिची चाकं आऱ्यांची नाहीत, अलॉय (ओतीव) आहेत, पुढे 19 इंच. ती हायवेवाल्याची गाडी.

वाड्यावस्त्यांचं म्हणाल तर तिथलं गिऱ्हाईक अ‍ॅव्हरेज, रिसेल आणि सीटची उंची बघतं. एक्सपल्स 200 च्या 825 मिमी उंच सीटवर साडेपाच फुटाखालच्याचे पाय पुरते टेकत नाहीत, मागे बायको नि पोतं असलं तर विचारूच नका. तो स्प्लेंडरच घेणार. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे नोकरीवाली पोरं आणि सुट्टीला गावी येणारे पुणे-मुंबईकर.

रिंग_आउट:
माल भरा, पण निवडून. 21 इंची ट्यूब आधी. एक्सपल्स 200, 210 आणि हिमालयन तिन्हींचं पुढचं चाक 21 इंची, शिवाय अडीनडीला हीच ट्यूब एक्सपल्सच्या मागच्या 18 इंची चाकातही चालते. तालुक्यातल्या पंक्चरवाल्याकडे ती नसते. मग पुढचे-मागचे ब्रेक पॅड (लाल चिखलात पावसाळाभर टिकत नाहीत), व्हील बेअरिंग, क्लच केबल, आऱ्या. आऱ्या ताणून चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणारा माणूस आहे ना? नसेल तर आऱ्या भरून उपयोग नाही.

फोर्क सील (फोर्कमधलं तेल अडवणारी रबरं) दोन-तीन जोड्या पुरे. गळती दिसली की लगेच बदलू नका. एक्सपल्सच्या फोर्कचं डस्ट सील (बाहेरचं धूळ अडवणारं रबर) वर सरकवा, पातळ प्लास्टिकची पट्टी सील आणि पाइपच्या मधून गोल फिरवा, अडकलेला चिखल बाहेर येतो. पुसून फोर्क आठ-दहा वेळा दाबा. तरी तेल आलं, तरच दोन्ही बाजूंची सील आणि तेल बदला.

लाल_माती:
गाडीची उंची कमी करायची लिंक (मागच्या शॉकअपला लावायची पट्टी) ठेवू का? विचारणा आहे.

रिंग_आउट:
ठेवा, पण साइड स्टँडही तेवढाच कापून वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी उभी राहते आणि उजवीकडे कलंडते. जमिनीपासूनचा क्लिअरन्सही जातो, हे बिलाआधी सांगा.