प्रार्थना करूनही काहीच हलत नाही असं वाटतं, तेव्हा रोज नेमकं काय करावं?

रेल्वेलाइन्स_सोलापूर
जय ख्रिस्त. विश्वास सोडलेला नाही, पण प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत आणि आमेन म्हणताना कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. घरसभेत बोललं की सल्ले ठरलेले: विश्वास वाढव, उपास धर, लपलेलं पाप शोध. मला साधं विचारायचंय. रोज काय म्हणायचं, किती वेळ, शास्त्रातलं काय वाचायचं? आणि अशा अवस्थेत प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि प्याला) घ्यावं का? घर दोन खोल्यांचं आहे. नळाला पाणी यायचं असलं की पहाटेपासून धावपळ, त्यामुळे तासभर एकांत जमणार नाही.

स्तोत्रवाचक
ताई, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर काही दिवस त्यांचा आग्रह सोडा. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं सगळ्यांत जास्त आहेत. आपल्या तोंडी मात्र २३, १०० आणि १२१ एवढीच असतात, म्हणून देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास असं मनात बसून जातं.

स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. ते मोठ्याने वाचा, निदान ओठ हलू द्या. मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि लक्ष मागेच राहतं. दुसऱ्या वचनानंतर थांबून आपली तक्रार एका वाक्यात घाला, नाव घेऊन: थकलेला पगार, सासूबाईंचं आजारपण, जे असेल ते. ‘प्रभू, सगळं नीट कर’ असलं गोलमोल वाक्य नको, त्याने मन मोकळं होत नाही. शेवटची दोन वचनं मनापासून म्हणवत नसतील तर नुसती वाचा. भरवसा वाटतोय असं सोंग आणू नका, देवाला ते लागत नाही.

आठवडाभर हेच स्तोत्र ठेवा. मग ४२ आणि ४३ एकत्र वाचा. ती बहुधा एकाच गीताचे दोन भाग आहेत, ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे पालुपद दोन्ही मिळून तीनदा येतं. त्यानंतर ७७. त्यात आधी नुसती तळमळ आणि प्रश्न आहेत, अकराव्या वचनापासून स्तोत्रकर्ता देवाची जुनी कृत्यं आठवू लागतो. ८८ सगळ्यांत शेवटी, आणि रात्री एकटीने नको. अठरा वचनं आहेत आणि शेवट अंधारातच होतो. तरी ते शास्त्रात आहे, कुणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही, याचा मला फार आधार वाटतो.

वेळ सकाळी सात-आठ मिनिटं, रात्री तेवढीच. पाण्याच्या दिवशी हंडा भरेपर्यंत नळापाशी उभ्यानेच प्रभूची प्रार्थना म्हणा, एका श्वासाला एक ओळ. त्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसू नका. नेम मोडतो तो बहुतेक या भरपाईच्या हिशेबातच.

विजापूर_रोड
वरचं पटलं. पण उपास अगदीच बाजूला सारू नये. प्रभू स्वतः चाळीस दिवस उपाशी राहिले. एक वेळचं जेवण सोडून ती वेळ प्रार्थनेला दिली तर फरक पडतो.

कुमठानाका
उपास चांगलाच आहे भाऊ, पण कुणी आणि कधी धरायचा हे बघावं लागतं. १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. देवाच्या डोंगराची, होरेबची वाट त्यानंतर, आणि देवाशी बोलणं त्याच्याही नंतर. मन इतकं खचलेलं असताना उपास धरला की अशक्तपणा वाढतो, आणि त्या अशक्तपणालाच माणूस देवाचा नकार समजतो. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळही जेवण चुकवू नका. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याविना उपास तर कुणीच करू नये.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण नकोसं, कशातच रस नाही असं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असे विचार येत असतील तर घरच्या कुणाला तरी आजच सांगा, आणि आजच फोन करा.

‘विश्वास कमी पडला’ हे मला मुळीच मान्य नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रभूंनी त्याच शब्दांत पुन्हा प्रार्थना केली, तीन वेळा (मत्तय २६:४४), आणि प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. यांचा विश्वास कमी होता म्हणायचं का? एखादं ठरावीक पाप टोचत असेल तर ते कबूल करा, कुणाचं देणं असेल तर देऊन टाका. पण नसलेलं उकरत बसू नका. ईयोबाचे मित्र तेच करत होते, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच झाला (ईयोब ४२:७).

मंडळीतली_मावशी
प्रभुभोजन घ्या, बाळ. १ करिंथ ११ मधला, अयोग्य रीतीने भाकर खाऊ नये हा इशारा ऐकून बरेच जण मागे बसून राहतात. तिथे पौल रागावलाय तो पोटभर खाऊन गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांवर. मन कोरडं पडलेल्यांवर नाही. ‘परीक्षा करावी’ म्हटल्यावर पुढे लगेच ‘आणि खावे’ असंच आहे.

उपासनेलाही जात जा. गळा साथ देत नसेल तर ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरून नुसती उभी राहा. ना. वा. टिळकांची भजनं बाकीचे गातील, तू ऐक. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं आणि प्रभूंनी ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. म्हणून दोघींनाच सांग, सगळ्या घरसभेला नको. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर सोडू नकोस. ‘महिनाभर दर बुधवारी रात्री नऊला या एका गोष्टीसाठी करा, आणि मला सल्ला देऊ नका’ असं स्पष्ट सांग.

लोयोला_वाचन
कॅथलिक बाजूने एक भर. संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम आहे की मन कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. म्हणजे मंडळी सोडणं, सेवा सोडणं, मोठा नवस बोलणं, सगळं पुढे ढकला. शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल त्या वचनावरून कौल घेणंही टाळा. अशा वेळी मन भीतीचंच वचन धरून ठेवतं.

रेल्वेलाइन्स_सोलापूर
सगळ्यांचे आभार. एकच विचारते. स्तोत्र १३ च्या दुसऱ्या वचनालाच रडू येतं, पुढे वाचवत नाही. तिथेच थांबलं तर चालेल का?

स्तोत्रवाचक
चालेल ताई. शब्द नसतात तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं रोमकरांस ८:२६ मध्ये आहे, तेव्हा ती प्रार्थना अर्धी राहिली असं धरू नका. आमेन म्हणून उठा, तोंड धुवा, कामाला लागा. फक्त दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वचनापासून उचलू नका, पुन्हा पहिल्यापासून वाचा. तक्रार गाळून थेट भरवशावर गेलं की ती शेवटची वचनं तोंडातल्या तोंडातच राहतात.