जुलैत पुणे-गोवा फ्लाईट : दाबोळी घ्यावं की मोपा? आई पुन्हा विमानात बसायला तयार नाही

कोथरूडची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. आमचं कुलदैवत मंगेशी. आईचं सहस्रचंद्रदर्शन ह्या वर्षी करायचंय आणि त्याआधी एकदा देवाला जाऊन यायचं असं तिच्या मनात आहे, त्याला जोडून दोन दिवस बाणावलीला समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये राहायचं असं आम्ही पोरांनी ठरवलं. पोरांच्या आणि ऑफिसच्या सुट्ट्या जमतायत त्या जुलैतच, त्यामुळे महिना बदला असं कृपया सांगू नका.

भानगड अशी की गेल्या वर्षी जुलैतच गेलो होतो. दुपारचं फ्लाईट, पुण्यातून निघतानाच दीड तास लेट. गोव्याजवळ आलो, चाकं बाहेर आल्याचा तो धडधड आवाज झाला, खाली माडांचे शेंडे दिसायला लागले, आई ओटीची पिशवी मांडीवर सावरून बसली आणि एकदम इंजिनं कोकलली आणि विमान नाक वर करून परत ढगात. वीस मिनिटं घिरट्या, परत तोच प्रकार, परत वर. मग सांगितलं की बंगळुरूला जातोय. तिथे उतरून दोन-अडीच तास आतच बसवून ठेवलं, एक पाण्याचा पेला आणि बिस्किटपुडा, आणि शेवटी काय तर फ्लाईट कॅन्सल, कारण हवामान. एअरलाईनचं नाव घेत नाही, पण काउंटरवरची मुलगी एकच वाक्य म्हणत होती, वेदर आहे मॅम, वेदर आहे मॅम. हॉटेल आमच्या खिशातून.

आई म्हणते मंगेशालाच मी यायला नको होते. त्यात भावाने व्हॉट्सॅपवर रनवेवरून घसरलेल्या विमानांचे व्हिडिओ दाखवून ठेवलेत, त्याचा सत्कार वेगळा करणार आहे मी.

तर विचारायचं असं, गोव्याचा रनवे पावसात खरंच धोक्याचा आहे का? दाबोळीचा जुना विमानतळ घ्यावा की मोपाचा नवा? आणि हे वेदर वेदर म्हणून जे कॅन्सल करतात ते खरं कसं ओळखायचं?

पेठेतला_पावणा

स्वारगेटहून रात्री स्लीपर, सकाळी म्हापसा. विमानतळावर दोन तास आधी जा, सिक्युरिटीत चपला काढा, वर ढगात घिरट्या घाला, ह्यापेक्षा सोपं आहे. नाहीतर गोवा एक्स्प्रेस आहे, मिरज-बेळगाव-लोंढा करत सरळ मडगाव, बाणावली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि जुलैत दूधसागर फुकट बघायला मिळतो.

कोथरूडची_लेक

@पेठेतला_पावणा आईचे दोन्ही गुडघे बदललेत हो, वरचा बर्थ सोडा स्लीपर बसची पायरी चढणं पण मुश्कील आहे. ट्रेनचा विचार केला होता पण लोअर बर्थचं वेटिंग बघून हात टेकले.

लोहगाव_निवृत्त

ताई, मी एअर फोर्समधून रिटायर झालो, नोकरीची बावीस वर्षं टॉवर आणि रनवेच्या आसपासच गेली, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

तुम्ही ज्याला घाबरलात ना, तेच त्या दिवशी सगळ्यात बरोबर झालं. खाली माड दिसणं वेगळं आणि समोर रनवेचे दिवे दिसणं वेगळं. साध्या आयएलएसवर, म्हणजे ढगातून रेडिओच्या खुणांवर रनवेकडे आणणाऱ्या यंत्रणेवर, उतरताना जमिनीपासून साधारण दोनशे फुटांवर पायलटला ठरवावंच लागतं, रनवे दिसला तर खाली, नाही दिसला तर वर, मधला रस्ता नाही. त्याला गो-अराउंड म्हणतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, इंजिनाला पूर्ण जोर दिला म्हणून तो आवाज. दोनदा प्रयत्न करून तो बंगळुरूला गेला म्हणजे त्याने तिकडे जाण्यापुरतं इंधन आधीच राखून ठेवलं होतं, ते नियमातच असतं.

उलट उदाहरण सांगतो. ७ ऑगस्ट २०२० ला कोळीकोडला, पाऊस, मागून वारा, पहिला प्रयत्न सोडला, दुसऱ्यांदा उतरवलं ते २,७०० मीटरच्या रनवेवर जवळजवळ अर्धा रनवे मागे पडल्यावर चाकं टेकली. पुढे पठाराचा कडा. २१ माणसं गेली. चौकशीत हेच आलं की त्या वेळी परत वर जायला हवं होतं. तेव्हा विमान वर गेलं की देवाचे आभार मानायचे, आईंना हे असंच सांगा.

आता रनवे. दाबोळीचा ३,४०० मीटरच्या आसपास आहे, मोपाचा ३,५००. आणि आपण ज्या पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या रनवेवरून रोज उडतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही तो २,५३५ मीटर! म्हणजे लांबीचीच भीती असेल तर ती गोव्यात नाही, विमाननगरच्या पलीकडे आहे :) अर्थात तोही ह्या विमानांना पुरतो, नाहीतर उडूच दिलं नसतं.

ओल्या रनवेवर खरा शत्रू म्हणजे साचलेलं पाणी. टायर आणि डांबराच्या मध्ये पाण्याचा थर आला की चाक फिरायच्या ऐवजी तरंगतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो. त्यात जिथे विमानं टेकतात तिथे टायरचं रबर घासून काळं लुकण बसतं, ते ओलं झालं की साबणासारखं होतं, म्हणून ते ठराविक काळाने जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने खरवडून काढावं लागतं. रनवे किती ओला आहे हे पायलटला आकड्यात सांगतात, ६ म्हणजे कोरडा, ५ म्हणजे ओला, आणि तिथून खाली खाली वाईट. ही पद्धत जगभर २०२१ च्या नोव्हेंबरपासून आहे.

आणि एक, पावसात विमान जरा आपटून उतरलं तर पायलटला शिव्या घालू नका. पाण्याचा थर फोडून चाकं रनवेला नीट लागावीत म्हणून तो मुद्दाम तसं टेकवतो. लोण्यासारखं हळुवार लँडिंग पावसात चांगलं नसतं. लोक टाळ्या नेमक्या चुकीच्या लँडिंगला वाजवतात.

बावधन_बॉय

काका मस्त माहिती. पण दाबोळीला विमान घसरलं होतं ना? मला चांगलं आठवतंय, बातम्यांत फोटो होता, नाक खाली टेकलेलं.

लोहगाव_निवृत्त

हो, २७ डिसेंबर २०१६, पहाटे, मुंबईला निघालेलं विमान. १५४ प्रवासी आणि ७ क्रू. टेकऑफच्या धावेत बाजूला वळून मातीत गेलं, घाईघाईने उतरताना काही जणांना लागलं पण सगळे वाचले. महिना बघा, डिसेंबर. पाऊस नाही, पाणी नाही. म्हणून म्हणतो, पावसाचं भूत डोक्यात घेऊन बसू नका.

दाबोळीची खरी गोष्ट वेगळी आहे. तो नेव्हीचा तळ आहे, आयएनएस हंसा, आपल्या लोहगावसारखाच, फक्त आपला एअर फोर्सचा. आठवड्याच्या दिवशी सकाळचा बराच वेळ नेव्हीच्या सरावासाठी राखलेला असतो, त्यामुळे सिव्हिल विमानांची गर्दी उरलेल्या वेळात कोंबलेली. ८ जून २०१९ ला उड्डाण करताना नेव्हीच्या मिग-२९के लढाऊ विमानाची इंधनाची टाकी रनवेवर पडली, आग लागली, काही तास सगळं ठप्प. रनवे एकच, तो अडला की सगळे हवेत. २०२३ च्या नोव्हेंबरात तर रनवेवर कुत्रं आलं म्हणून बंगळुरूहून आलेलं विमान परत बंगळुरूला गेलं होतं! आपणही हसायला नको, लोहगावला फेब्रुवारी २०२० मध्ये रनवेवर जीप आणि माणूस दिसला म्हणून पायलटने विमान वेळेआधीच उचललं, शेपटीकडचा भाग घासला, तसंच दिल्लीला नेऊन उतरवलं.

पेडण्याचा_जावई

मोपावाल्यांच्या वतीने. सासुरवाडी पेडण्याला, २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तिथेच उतरतो. नवीन आहे, ऐसपैस आहे, नेव्हीची कटकट नाही. पण पठारावर आहे, पावसाळ्यात ढग असे खाली येतात की गाडीचे दिवे दुपारी लावावे लागतात, त्यामुळे घिरट्या तिथेही चुकत नाहीत. २२ मे २०२४ ला तर वीज पडून रनवेच्या कडेचे दिवे गेले आणि सहा फ्लाईट दुसरीकडे पाठवली. म्हणजे मोपा घेतलं की सुटलात असं नाही.

ताई तुम्ही बाणावली म्हणताय तर माझ्या मते दाबोळीच. तिथून पाऊण तासात रिसॉर्टवर पोचाल. मोपाहून बाणावली म्हणजे अख्खा गोवा उभा कापायचा, दीड-दोन तास धरा, आणि टॅक्सीचं भाडं ऐकून आईंना विमानापेक्षा जास्त धक्का बसेल. बाकी नारळ इथून नेऊ नका, केबिनमधून काढून घेतील, मंगेशीला देवळाबाहेर ओटी मिळते.

तिकीटवाला_टिळकरोड

अठरा वर्षं हाच धंदा आहे, म्हणून वेदर वेदर चं उत्तर मी देतो.

वेदर म्हटलं की एअरलाईनला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, म्हणून सगळ्यांचं ते आवडतं कारण आहे. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम असा की चोवीस तासांच्या आत कॅन्सल केलं आणि कारण त्यांच्या हातातलं होतं तर पैसे परत किंवा दुसरं फ्लाईट तर द्यायचंच, वर भरपाई, एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० पर्यंत, एक ते दोन तासांना ७,५०० पर्यंत, पण तुमचं मूळ भाडं आणि इंधन आकार त्याहून कमी असेल तर तेवढंच. हवामान, एटीसी (विमानांची हवाई वाहतूक सांभाळणारे) वगैरे असेल तर भरपाई नाही, पण रिफंड किंवा दुसरं फ्लाईट तरीही तुमचा हक्क आहे, तो सोडायचा नाही. आणि दोन तासांच्या वर लेट असेल आणि कारण त्यांच्या हातातलं असेल तर खायला-प्यायला देणं बंधनकारक आहे. एक बिस्किटपुडा म्हणजे खाणं नव्हे.

आता खरं-खोटं ओळखायची माझी पद्धत. फोनवर फ्लाईट ट्रॅक करायचं ॲप उघडायचं आणि त्याच एअरपोर्टवर त्याच तासात बाकीची विमानं उतरतायत का बघायचं. सगळ्यांची घिरटी चालू असेल तर वेदर खरं. बाकी पाच उतरली आणि तुमचंच कॅन्सल, तर स्क्रीनशॉट काढायचा, काउंटरवर कारण लेखी मागायचं, मेसेज डिलीट करायचा नाही, आणि घरी आल्यावर एअरसेवा ह्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची. तोंडी भांडून काही होत नाही, मी करून बघितलंय, घसा बसतो फक्त.

तुमच्या केसमध्ये माझा अंदाज सांगू? गोव्याला उतरता न येणं हे हवामान. पण बंगळुरूत अडीच तास बसवून मग कॅन्सल, हे बहुतेक क्रूची ड्युटी संपली म्हणून. पायलटला किती तास काम करता येतं ह्याला मर्यादा आहे, आणि ती असायलाच हवी, थकलेला माणूस ओल्या रनवेवर कोणाला हवाय. पण आधीच दीड तास लेट निघायचं, मग घिरट्या, मग डायव्हर्ट, आणि शेवटी माणसं संपली की सगळं वेदरच्या खात्यात. २०२५ च्या डिसेंबरात देशभर गोंधळ झाला तो ह्याच विषयावरून, पायलटची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ केली, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आणली, नियम आधीपासून माहीत होते तरी एअरलाईनने तयारी केली नाही आणि एकाच दिवशी हजारावर फ्लाईट रद्द. पुण्यात त्या आठवड्यात माझा फोन रात्री अडीचला पण वाजत होता.

म्हणून माझा सल्ला, एअरलाईन कुठली ह्यापेक्षा वेळ बघा. दुपार-संध्याकाळचं विमान सकाळपासून चार गावं फिरून आलेलं असतं, प्रत्येक ठिकाणचा उशीर पाठीवर घेऊन. जे दिवसातलं पहिलं विमान रात्री पुण्यातच मुक्कामाला असतं ते घ्या. काकांनी नेव्हीचं सांगितलं ते धरून दाबोळीला सकाळी लवकर किंवा शनिवार-रविवार बघा. आणि मंगेशीचा अभिषेक पोचायच्याच दिवशी ठेवू नका हो, लोक हेच करतात, मग एअरपोर्टवर रडतात.

कोथरूडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. @तिकीटवाला_टिळकरोड दादा, ड्युटीचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आता आठवलं तर पायलट बॅगा घेऊन उतरताना दिसले होते! आता वर्ष झालं, तक्रारीला काही अर्थ आहे का? मेसेज आहे अजून फोनमध्ये, बोर्डिंग पास आईने पोथीत ठेवलाय खूण म्हणून.

शनिवारचं सकाळचं दाबोळी बघतेय, अभिषेक सोमवारी. काकांचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आपटून उतरवतात ते मुद्दाम, हे काही तिला पटलं नाही, म्हणाली मग तुझे बाबा स्कूटर खड्ड्यातून न्यायचे ते पण मुद्दामच असेल. पण येते म्हणाली. फक्त अट घातलीय की खिडकी नको.

लोहगाव_निवृत्त

खिडकी नको तर पंखाच्या आसपासची रांग घ्या, हेलकावे तिथे कमी जाणवतात. शेवटची रांग अजिबात नको. पण पंखाजवळ असाल तर उतरल्यावर पंखावरच्या फळ्या उभ्या राहतात आणि इंजिन परत ओरडतं, ते ब्रेकचंच काम असतं, आईंना आधी सांगून ठेवा.

तिकीटवाला_टिळकरोड

टाकून बघा तक्रार, टाकायला पैसे लागत नाहीत. बोर्डिंग पासचा फोटो आत्ताच काढून ठेवा, त्यावरची शाई उडते.

पेठेतला_पावणा

शनिवारी सकाळी लवकरचं म्हणजे कोथरूडहून मध्यरात्रीनंतर निघणार. शुभेच्छा. रिक्षा मिळाली तर इथे कळवा.