मदत हवी आहे : कूलरची मोटर घरी दुरुस्त करण्याविषयी

नमस्कार. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे आमच्या घरातील पत्र्याचा कूलर दुपारपासून रात्रीपर्यंत चालू असतो. त्याची मोटर बटण दाबल्यावर नुसती गुणगुणत होती. कपॅसिटर (मोटर सुरू होताना तिला जोर देणारा छोटा भाग) अशक्त झाल्यास असे होते, म्हणून प्लग काढून त्याच क्षमतेचा, म्हणजे ४ मायक्रोफॅरडचा, नवा कपॅसिटर बसवला. मोटर सुरू झाली, पण थोड्या वेळाने ती खूप तापते आणि वेग मंदावतो. वीज बंद असताना पाते हाताने फिरवले तर जड लागते, त्यावरून बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) झिजला असावा किंवा त्यातील तेल सुकले असावे, असे वाटते.

बुश घरी बदलता येतो का? तसेच मल्टिमीटरने तारांमधील रोध मोजून वाइंडिंग (मोटरमधील तारेची गुंडाळी) जळाल्याचे खात्रीने कसे ओळखावे? दुकानदार नवा कूलरच घ्या म्हणतात. मात्र टाकी, पत्रा व पंप उत्तम स्थितीत असताना केवळ मोटरपायी सगळे भंगारात देणे मला मुळीच पटत नाही. शहरात तांब्याच्या तारेने रिवाइंडिंग करून देणारे विश्वासू कारागीर कोणत्या भागात आहेत, तेही कृपया कळवावे.