शांघायची कसरत (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सुलभा, बी-३०४: परवा रात्री शांघायहून परत आलो. लेकाने 'शांघाय सर्कस वर्ल्ड'मध्ये नेलं होतं. मेट्रोच्या १ नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. 'इरा' नावाचा खेळ, २००५ साली सुरू झालेला.

निखिल, ए-१०२: जाळीच्या गोळ्यात मोटरसायकली फिरवतात तो ना काकू?

सुलभा, बी-३०४: तोच. आपल्या जत्रेतल्या मौत का कुआंसारखं, पण वरूनही बंद. एकेक आत सोडतात. चौथी गेली आणि मी डोळे मिटले. यांनी मोजल्या, आठ म्हणे.
पण मला विचाराल तर रांजणवाला! चिनी मातीचा भलामोठा रांजण वर उडवायचा आणि थेट टाळूवर झेलायचा. ठक्क! मागच्या रांगेत बसून माझं डोकं दुखलं. मग तोच रांजण नुसत्या काठावर, कपाळावर गरगर.

मोहन, सी-५०१: हे फार जुनं आहे वहिनी. दोन हजार वर्षांपूर्वी हान राजांच्या दरबारात असे खेळ व्हायचे. 'शंभर खेळ' असंच नाव होतं.

सुलभा, बी-३०४: हो का! मुलाच्या ऑफिसातली एक मुलगी हेबेई प्रांतातल्या वूछ्याओची आहे. ते म्हणजे कसरतवाल्यांचं माहेर. जमीन खारवट, वर पूर. पीक हाती लागेना, म्हणून माणसं खेळ करत गावोगाव हिंडायची. ताटल्या, वाडगे, खुर्च्या, रांजण, सगळं घरातलंच सामान. तिकडे म्हणतात, नव्व्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापासून नुकत्या चालायला लागलेल्या पोरापर्यंत वूछ्याओत प्रत्येकाला एक तरी कसरत येते.

मंगलाआजी, बी-१०१: म्हणजे आपले डोंबारीच की गं. आमच्या वाड्यासमोर ढोलकं वाजलं की आम्ही भाकरी टाकून पळायचो. दोरीवरची पोर माझ्याएवढीच होती.

मोहन, सी-५०१: फरक आहे आजी. तिथे १९५० मध्ये सरकारने राष्ट्रीय कसरत मंडळीच काढली. आपला डोंबारी रस्त्यावरच राहिला.

कविता, ए-२०३: पण पाच-सहा वर्षांच्या मुलांना वाकवतात हो. मला नाही बघवणार.

सुलभा, बी-३०४: तेही खरं. एक मुलगा एकावर एक रचलेल्या कड्यांतून उडी मारताना चुकला, वरचं कडं पाडलं. परत मागे गेला, पुन्हा धावला, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा गेला आरपार. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. मी मात्र त्याच्या आईचा विचार करत बसले.

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या. उद्या ११ ते ४ टाकीची सफाई आहे, पाणी बंद. भरून ठेवा.

निखिल, ए-१०२: सुलभाकाकू, रांजण काढा!

मंगलाआजी, बी-१०१: माझ्या माठाला कुणी हात लावायचा नाही.