पितृपंधरवड्यात सुपारी नसते तेव्हा तुम्ही काय करता? (वादक मंडळींसाठी)

सोळा_घरं (सातारा)

नमस्कार मंडळी. तबला-ढोलकी वाजवतो, भक्तिगीतं, ऑर्केस्ट्रा, दिवाळी पहाट, लग्नातली संगीत रजनी, जे येईल ते, चौदा वर्षं झाली. यंदा गणपतीत दहा दिवसांत नऊ सुपाऱ्या झाल्या, एका दिवशी तर दुपारी सोसायटीत अभंग आणि रात्री कोरेगावला ऑर्केस्ट्रा, आणि अनंत चतुर्दशी झाली की एकदम सामसूम. पितृपंधरवडा लागला की घटस्थापनेपर्यंत फोन वाजतच नाही हे तुम्हाला माहितीये. दर वर्षी ह्या पंधरा दिवसांत माझा जीव वरखाली व्हायचा, पाकिटातले पैसे तीनतीनदा मोजायचो, बायकोवर उगाच चिडायचो.

यंदा मात्र वेगळं काहीतरी झालं. परवा सकाळी पाऊस उघडला म्हणून गॅलरीत चटई टाकून तबला काढला, ओल्या हवेनं पुडी (वरचं कातडं) पार उतरली होती, काळी एक पट्टीचा तबला अर्ध्या स्वरानं खाली. गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकले, मग हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, सोळा घरांतलं (भागांतलं) एकेक घर मिळवत बसलो. कार्यक्रमाला हे दहा मिनिटांत उरकावं लागतं, साउंडवाला ओरडत असतो, निवेदक माइकवर हॅलो हॅलो करत असतो. परवा पाऊण तास लागला. एक घर चढलं की समोरचं उतरल्यासारखं वाटतं, परत फिरवायचं, परत चाटेवर (पुडीच्या काठावर) बोट मारून ऐकायचं. माझी मुलगी सहा वर्षांची, ती शेजारी दूधपोळी खात बसलेली, मोबाइलवर तानपुरा लावलेला, आणि मधेच म्हणाली, बाबा आता दोघं एकच बोलतायत. खरंच सोळाच्या सोळा घरं लागली होती. त्या क्षणी जे वाटलं ते मला हजार माणसांच्या टाळ्यांनी सुद्धा क्वचित वाटलंय.

तर विचारायचं हे की तुम्हाला पण असं होतं का, वाजवण्याच्या आजूबाजूचं जे असतं त्यातच जास्त जीव रमतो असं? आणि हे रिकामे दिवस तुम्ही कसे घालवता?

काळी_पांढरी (डोंबिवली)

दादा अगदी मनातलं लिहिलंत. मी कीबोर्ड वाजवतो त्यामुळे लावालावी नाही, पण मला रिकामं थिएटर फार आवडतं. नाटकाला पार्श्वसंगीत देतो, ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग असला की मी मुद्दाम तासभर आधी जातो. खुर्च्या रिकाम्या, पडदा वर, झाडूवाल्या मावशी शेवटच्या रांगेत, आणि मी एकच स्वर हळू धरून ठेवतो, तो मागच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो तसा भरलेल्या हॉलमध्ये कधीच येत नाही. प्रयोग संपला की तलावपाळीला एक चक्कर आणि मग लोकल. नाईट (प्रयोगाचं मानधन) मिळते ती वाजवल्याची, पण त्या आधीच्या तासासाठी मी आपणहून जातो.

जुना_ऑर्केस्ट्रावाला (सांगली)

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सुख आहे, शंभर टक्के आहे, पण खिशात दोन महिन्यांचं रेशन असलं तरच ते दिसतं. मी तीस वर्षं ऑक्टोपॅड आणि कोंगो वाजवला. पूर्वी जत्रेत ऑर्केस्ट्रा रात्री दहाला सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत, मग २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आला आणि हळूहळू दहाला स्पीकर बंद ही शिस्त लागली, सरकारनं सूट दिली तरी बारापर्यंतच आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस. आमच्या सुपाऱ्या कमी झाल्या, मेळ मोडले, काहींनी रिक्षा घेतली. मी संध्याकाळी चार पोरांची शिकवणी सुरू केली ती आजतागायत चालू आहे, तुम्हीपण करा, पंधरवड्याला आधार होतो.

पण एक सांगतो. जवळचा कार्यक्रम असला की साडेअकराला घरी पोचायला लागलो. वीस वर्षांच्या संसारात बायकोबरोबर रात्री गरम भाकरी खाणं तेव्हा पहिल्यांदा नेमानं घडलं. ती तव्यावरून ताटात टाकायची आणि आज काय वाजवलंत विचारायची. आता ती नाही. ती भाकरी मला कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त आठवते.

चवथीचो_घुमट (फोंडा)

काका तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

आमच्याकडे गोव्यात चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मीही रिकामा. आरत्यांना घुमट (तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य) वाजवतो, बरोबर शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कासाळें (मोठे टाळ), घरोघरी फिरून गळा आणि हात दोन्ही जातात. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं लावतात. जुने लोक म्हणतात तो आवाज नाही राहिला, पण नीट तापवलं तर चांगला बोलतो. माझं सुख तेच. चवथीच्या आधी ऊन पडलं की घुमट अंगणात ठेवतो, मातीचा आणि कातड्याचा मिळून एक वास येतो, आणि थोड्या थोड्या वेळानं जाऊन एक थाप मारून बघायची, अजून दबलेला, अजून दबलेला, आणि मग एकदम घुमतो. शेजारची म्हातारी आतूनच ओरडते, आता तापलो रे!

जवारी (मिरज)

सोळा_घरं दादा, तुमच्या मुलीनं जे ओळखलं ना ते पुष्कळ शिकणाऱ्यांना वर्ष वर्ष कळत नाही, तिला शिकवा. मी गाते, आणि रिकाम्या दिवसांत तानपुरा पुसून जवारीचा दोरा सरकवत बसते. तार आणि घोडीच्या मधे साधा सुती दोरा, केसाएवढा पुढेमागे झाला की मुका आवाज उघडतो. आई म्हणते एवढा वेळ काय करतेस, तिला हाक मारून ऐकवते.

सोळा_घरं (सातारा)

सगळ्यांचे आभार. काका, शिकवणीचं मनावर घेतलंय, आमच्याच गल्लीतली दोन पोरं कधीपासून मागं लागलीत, सोमवारपासून बसवतो. आज डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) काढलाय, पोरगी हातोडी घेऊन आधीच गॅलरीत जाऊन बसलीये.