मदत हवी आहे: लेथचा चक स्पिंडलवरून निघत नाही (सांगली)

कृष्णाकाठ
लेथचा ट्रू चक (तीन जबड्यांचा, जबडे एकदम सरकणारा) काढायचाय, कालपासून हलायला तयार नाही. हळद पॉलिशच्या ड्रमचा बेअरिंग ब्लॉक बोअर करायचाय. कास्टिंग वेडंवाकडं आहे, ट्रू चकात धरत नाही, डॉग चकच (चार जबडे, वेगवेगळे सरकणारे) लावावा लागतो. परवा सकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार. ऐन सीझनमध्ये त्याचा ड्रम बंद पडलाय. डिझेल सोडलं, घण मारून झाला. ज्यांनी स्वतः चक काढलाय त्यांनी लवकर सांगा.

जुना टर्नर
स्पिंडलचं तोंड, म्हणजे चक बसतो ते, कसलं आहे? आट्याचं, कॅमलॉक, की मागे रिंगनट असलेलं टेपरचं? तिन्हींची पद्धत वेगळी. घण नेमका कुठे मारला तेही सांगा.

कुपवाडकर
गॅसने बॅक प्लेट (चकामागची आट्याची चकती) तापवा. पाच मिनिटांत सुटेल. आम्ही एमआयडीसीत असंच करतो.

कृष्णाकाठ
आट्याचंच आहे. जुनं बटाला (पंजाब) लेथ, बेड सहा फुटी, चक आठ इंची. चावीच्या भोकात रॉड घालून त्यावर मारला.

जुना टर्नर
चावीच्या भोकावर परत मारू नका. आतला पिनियन वाकला तर जबडे अडकतील आणि चक हातचा जाईल. कुपवाडकर, जुन्या लेथला स्पिंडल गनमेटलच्या बुशवर फिरतं. तिथपर्यंत उष्णता गेली की बुश गेलाच. बॅक प्लेट बिडाची आहे, तापवून वर कोणी पाणी ओतलं तर तडकेल.

कुपवाडकर
पाणी ओता असं मी कुठे म्हटलं? बाहेरची प्लेट झटकन तापवायची, स्पिंडल आत गार असतानाच फिरवायचं. हळूहळू तापवत बसलात तर दोन्ही सारखीच फुगतात, उपयोग होत नाही. वीस वर्षं करतोय.

वाळव्याचा
बॅक गिअर (वेग कमी करायचा) लावा आणि पुलीची पिन तशीच ठेवा, दोन्ही एकमेकांना अडवतात आणि स्पिंडल लॉक होतं. मग चकात मोठा षट्कोनी बार धरून लांब पान्याने ओढा.

माणदेशी
ते करू नका! माझ्या बॅक गिअरचे दोन दात असेच गेले. बीड आहे ते, झटका सोसत नाही. तो गिअर मला अजून मिळालेला नाही.

कृष्णाकाठ
मी तेच केलं होतं, पण हळू. दात शाबूत आहेत. रिव्हर्सचं बटण दाबूनही हिसका दिला.

जुना टर्नर
रिव्हर्सने चक सुटला की अंगावर येतो. सुटला नाही ते तुमचं नशीब, पुन्हा करू नका. आता नीट वाचा. मेन स्विच बंद. चकाखाली बेडवर फळी ठेवा, सुटला तर बेडवर आदळायला नको. एक जबडा मागच्या बाजूला आडवा आणा, त्याच्या खाली मागच्या बेडवर सागाचा जाड ठोकळा लावा. पुली हाताने उलटी फिरवा, जबडा ठोकळ्यावर बसू द्या, मग पट्ट्यावर जोर लावून झटका द्या. आटे उजवे असतात. टेलस्टॉककडून, म्हणजे चकासमोरच्या टोकाकडून, बघितलं तर चक घड्याळाच्या उलट सुटतो, म्हणजे वरची बाजू तुमच्याकडे. उलटीकडे ओढलं तर आणखी घट्ट बसणार.

कराडकर
चक काढायचाच कशाला? ब्लॉक सॅडलवर (बेडवर सरकतं ते) बोल्टने बांधा, खाली पॅकिंग घालून सेंटरच्या उंचीला आणा. बोअरिंग बारचं एक टोक ट्रू चकात, दुसरं टेलस्टॉकच्या सेंटरवर. बारच्या मध्ये टूल, आणि सॅडल ऑटोला टाका. वाल्व्हच्या बॉड्या मी अशाच केल्यात. परवाचा जॉब निघेल, चक नंतर निवांत काढा.

सीएनसीवाला
आता जुन्या लेथमध्ये अडकू नका. हप्त्यावर सीएनसी मिळते.

जुना टर्नर
एका बेअरिंग ब्लॉकसाठी कोणी सीएनसी घेत नाही. कराडकरांचा मार्ग चांगला आहे, पण पॅकिंग आणि डायल लावण्यात अर्धा दिवस जाईल. कृष्णाकाठ, लेथ पाण्यात गेलं होतं का?

कृष्णाकाठ
हो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आमचं वर्कशॉप नदीकडच्या अंगाला आहे. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा बेडच्या वर चढलं होतं. बाबांनी नंतर खोलून धुतलं आणि रंग दिला. चक तेव्हापासून काढलेला नाही.

वाळव्याचा
२००५ ला बघितलं, २०१९ ला बघितलं, २०२१ ला पण. आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला निघालेत. मग आपण काय करायचं?

माणदेशी
नुसत्या अलमट्टीने पूर येत नाही. कोयना-वारणेचा विसर्ग, पात्रातली बांधकामं, हेही बघा. आमच्याकडे टँकर असतात आणि तुमच्याकडे महापूर, तेही एकाच जिल्ह्यात.

जुना टर्नर
हे मागाहून बोलू. पुराचं पाणी आत गेलं म्हणजे आट्यात गाळ आणि गंज आहे. डिझेलने लगेच भागणार नाही, रस्ट सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. आणखी एक. बॅक प्लेटच्या कडेला ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, भोकात बुडणारा) आहे का? डावे आटे पाडताना रिव्हर्समध्ये चक सुटू नये म्हणून कोणी कोणी तो मारतं.

कृष्णाकाठ
नाही, सगळीकडे गुळगुळीत आहे.

जुना टर्नर
रंगाखाली बघितलंत का? बाबांना विचारलंत?

कृष्णाकाठ
बाबा इस्लामपूरला (आताचं ईश्वरपूर) आत्याकडे आहेत. करतो फोन.

कृष्णाकाठ
सापडला. बाबा म्हणाले, डावे आटे पाडायला त्यांनीच मारला होता. रंग देताना भोकात लांबी (पुट्टी) भरली, म्हणून हाताला लागत नव्हता. ब्लेडने रंग खरवडला तर हिरव्या रंगाखाली पांढरी लांबी, तिच्याखाली ॲलन कीचं भोक. सुईने कोरून साफ केलं, स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी चार मिलिमीटरची की घातली तर सुटला. त्याच्याखाली पितळेचा छोटा तुकडा होता, स्क्रू आट्यांना लागू नये म्हणून घातलेला. तो तुकडा चुंबकाने येईना, वाकवलेल्या तारेने काढावा लागला.

मग तुम्ही सांगितलं तसा सागाचा ठोकळा लावला. तिसऱ्या झटक्याला कट्ट करून आवाज आला आणि चक हाताने फिरला. आट्यात गाळ अजून ओलसर, राखाडी, काठावरच्या मातीसारखाच. ब्रशने आणि रॉकेलने धुतो. डॉग चक बसवला की आजच बोअर करतो. टर्नरकाका, फार उपकार झाले.

जुना टर्नर
डॉग चकच्या बॅक प्लेटचे आटेही पुसा. एक कीस आत राहिला तरी चक तिरका बसेल. नवीन ग्रब स्क्रू मारलात तर पितळ परत घाला, आणि बॅक प्लेटवर सेंटर पंचने खूण करून ठेवा.

कुपवाडकर
गॅसने एक तास वाचला असता.

माणदेशी
बटाला लेथचा बॅक गिअर कोणाकडे आहे का? जुना चालेल. दात मात्र पूर्ण हवेत.