प्रतिसाद: केबलच्या घर्षणाने फ्रेमचा रंग जाणे

सायकलच्या हँडलजवळ गिअर-ब्रेकची केबल फ्रेमला घासते तिथे विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावावी, असे या चर्चेत आधी सुचवले आहे. जागा अचूक सांगितली आहे, पण पट्टीबद्दल मी सहमत नाही. तिचा गोंद उन्हाने पाझरतो, कडा सुटतात, आणि पावसाळ्यात त्या कडांखाली शिरलेली बारीक रेती सॅंडपेपरसारखी रंग खरवडत राहते. माझ्या जुन्या स्टीलच्या सायकलीवर एका पावसाळ्यानंतर पट्टी सोलली, तेव्हा खाली रंगाऐवजी तांबूस गंज दिसला. त्यापेक्षा पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म बरी. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा धुळीने झिजू नयेत म्हणून तशीच पट्टी वापरतात. लावण्यापूर्वी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि तुकड्याचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते लवकर उचलले जात नाहीत.

मात्र केबलची वाट बदलता येते, हा मुद्दा इथे अजून आलेला नाही. गिअरच्या केबलींचे थांबे (जिथे केबलचे बाहेरचे आवरण संपते) डाउन ट्यूबच्या, म्हणजे हँडलकडून पेडलांकडे उतरणाऱ्या नळीच्या, दोन्ही बाजूंना असतील आणि तिथून पुढे नुसती तार जात असेल, तर उजव्या शिफ्टरची (गिअर बदलण्याच्या कळीची) केबल डाव्या थांब्यात व डाव्याची उजव्यात घालावी. त्यामुळे आवरणाचा बाक मोठा होतो आणि ते हेड ट्यूबला (हँडलखालच्या उभ्या आखूड नळीला) जवळजवळ टेकतच नाही. दोन्ही तारा ट्यूबखाली फुलीसारख्या एकमेकींवरून जाऊन आपापल्या मूळ बाजूस परततात. तिथे त्या किंचित स्पर्श करतात, पण सरळ ताणलेल्या असल्याने गिअर बदलण्यात मला फरक जाणवला नाही. केबली फ्रेमच्या आतून जात असतील, तर अर्थात हा उपाय नाही.